डायलिसिस मोफत, तरी घर रिकामे का होते? भंडारा जिल्ह्यातील किडनी रुग्णांसाठी सरकारी विम्याचा हिशेब

घरातल्या माणसाच्या किडन्या निकामी झाल्या आहेत, आता डायलिसिस लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले की दोन प्रश्न एकदम उभे राहतात. माणूस वाचेल का? आणि पैसे कुठून आणायचे? पहिल्याचे उत्तर आज बरेच दिलासा देणारे आहे. नियमित डायलिसिस घेणारी माणसे वर्षानुवर्षे जगतात, घरात वावरतात, लग्नकार्याला जातात. दुसऱ्या प्रश्नावर मात्र तुम्हाला गावात एकच वाक्य ऐकायला मिळेल: "कार्ड आहे ना? मग सगळं फुकट होते." हे वाक्य अर्धे खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच कुटुंबाचे पैसे संपतात. म्हणून या लेखात योजनेची जाहिरातही नाही आणि तिला नावे ठेवणेही नाही. कार्ड नेमके कुठून सुरू होते, कुठे थांबते आणि भंडारा जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाने त्याचा पुरेपूर उपयोग कसा करून घ्यावा, एवढेच पाहू.

दीड लाखापासून पाच लाखांपर्यंत

थोडा इतिहास माहीत असला तर कार्यालयात बोलणे सोपे जाते. राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात विदर्भातले गडचिरोली आणि अमरावती होते, भंडारा नव्हता. आपल्या जिल्ह्यात ती नोव्हेंबर २०१३ मध्ये, सगळ्या राज्यात लागू झाली तेव्हा आली. पुढे २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झाले. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि १ एप्रिल २०२० पासून दोन्ही एकत्र राबवल्या जाऊ लागल्या. म्हणून जुन्या पेशंटच्या तोंडी अजून 'राजीव गांधी' असते, फाइलवर 'महात्मा फुले' असते आणि हातातल्या कार्डावर 'आयुष्मान' लिहिलेले असते. नावे तीन असली तरी रुग्णालयात मदतीचा माणूस एकच, तो म्हणजे आरोग्यमित्र.

किडनीच्या रुग्णासाठी खरा बदल २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने झाला. तोपर्यंत महात्मा फुले योजनेत एका कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण होते आणि किडनी प्रत्यारोपणासाठी अडीच लाखांचे. या निर्णयाने कुटुंबाची मर्यादा पाच लाख झाली, प्रत्यारोपणाची मर्यादा प्रति रुग्ण साडेचार लाख झाली, आणि पिवळ्या-केशरी कार्डांपुरती असलेली योजना पांढऱ्या कार्डासह राज्यातल्या सर्व रहिवाशांना खुली झाली. नवे संरक्षण प्रत्यक्ष १ जुलै २०२४ पासून मिळू लागले. तेव्हा यादीत १३५६ उपचार होते, आणि यादी त्यानंतरही बदलत आली आहे. म्हणून कोणी जुन्या माहितीवर "तुमच्या कार्डावर होत नाही" म्हणाले तर तेवढ्यावर परत फिरू नका.

पाच लाख आणि दीड लाख यांतला फरक डायलिसिसच्या रुग्णाला जितका कळतो, तितका कोणाला कळत नसेल. अपेंडिक्सची शस्त्रक्रिया एकदा होते आणि संपते. डायलिसिस दर आठवड्याला, वर्षभर, पुढच्या वर्षीही चालू राहते. २०१६-१७ चा केंद्रीय अर्थसंकल्प मांडताना अरुण जेटली यांनी एका डायलिसिसचा खर्च सुमारे दोन हजार रुपये आणि वर्षाचा तीन लाखांहून जास्त सांगितला होता. तोच दर धरून गणित करू. आठवड्याला तीन म्हणजे वर्षाला १५६ वेळा, म्हणजे ३ लाख १२ हजार रुपये. दीड लाखात ७५ वेळा झाले असते, म्हणजे २५ आठवडे. सहा महिनेही पुरे नाहीत. पाच लाखांत मात्र वर्ष निघते आणि घरातल्या इतरांसाठीही काही उरते. योजनेत रुग्णालयाला मिळणारे दर बाजारभावापेक्षा कमी असतात, त्यामुळे प्रत्यक्षात रक्कम याहून थोडी जास्त पुरते. पण ही रक्कम सगळ्या कुटुंबाची मिळून असते, एका माणसाची नव्हे, हे विसरू नका. दर दोन-तीन महिन्यांनी आरोग्यमित्राला विचारा: आमच्या कार्डावर किती शिल्लक आहे?

घरात सत्तरी ओलांडलेला रुग्ण असेल तर इथे एक मोठी सोय आहे आणि ती फार कमी जणांना माहीत असते. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे आणि त्याहून मोठ्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांचे संरक्षण मिळते. त्यासाठी वेगळे 'वय वंदना' कार्ड काढावे लागते आणि वयाचा पुरावा म्हणून आधार चालते. जे कुटुंब आधीच आयुष्मान भारतच्या यादीत आहे, त्या कुटुंबातल्या ज्येष्ठांना हे पाच लाख वेगळे मिळतात, सत्तरीच्या आतल्या माणसांबरोबर वाटून घ्यावे लागत नाहीत. बहात्तर वर्षांच्या वडिलांचे डायलिसिस त्यांच्या स्वतःच्या कार्डावर चालले, तर सुनेच्या किंवा नातवाच्या आजारपणाला कुटुंबाचे पाच लाख शाबूत राहतात. वडिलांचे वय बसत असेल तर हे कार्ड याच आठवड्यात काढून घ्या.

दोन खिडक्या, दोन नियम

भंडाऱ्यात मोफत डायलिसिसचे दोन रस्ते आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला, वर सांगितलेली विमा योजना. ती योजनेशी जोडलेल्या सरकारी किंवा खासगी रुग्णालयात चालते. दुसरा, २०१६ मध्ये सुरू झालेला प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम. हा विमा नव्हे. जिल्हा रुग्णालयांत यंत्रे बसवून दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना मोफत डायलिसिस द्यावे, असा तो कार्यक्रम आहे. त्यातच भर म्हणजे राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार सर्वांनाच निःशुल्क केले आहेत.

यातली गोम अशी, की हा शेवटचा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागापुरता आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय हे सगळे त्यात येते. नागपूरचे मेडिकल, मेयो आणि सुपर स्पेशालिटी ही रुग्णालये मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाची आहेत. तिथे केसपेपरला आणि काही तपासण्यांना शुल्क लागते. भंडाऱ्याला पैसे घेतले नाहीत आणि नागपुरात मागितले, म्हणून कोणी फसवले असे नाही, खिडकी बदलली आहे. अशा वेळी नागपूरच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे योजनेत नोंद करून घेणे हाच उपाय. भंडाऱ्यालाही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे, त्याचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. अशी महाविद्यालये सुरुवातीला जिल्हा रुग्णालयाच्याच आधाराने चालतात. तेव्हा कोणता विभाग कोणाच्या अखत्यारीत आहे, हे येत्या काळात केसपेपरच्या खिडकीवर विचारत राहावे लागेल. महाविद्यालयामुळे किडनीच्या रुग्णांचा फायदा व्हावा अशी माझी अपेक्षा आहे, पण तो किडनीविकारतज्ज्ञ इथे येऊन टिकला तरच. इमारत उठली म्हणून तो होणार नाही.

आठवड्याचे चोवीस तास

आता मोफत नसलेल्या गोष्टींकडे येऊ. माझ्या मते जिल्ह्यातल्या रुग्णाची खरी लढाई इथेच आहे.

जिल्ह्याला सात तालुके. तुमसर उत्तरेला, लाखांदूर दक्षिणेच्या टोकाला. लाखांदूरच्या आतल्या गावातला रुग्ण भंडाऱ्याला डायलिसिसला येतो असे समजा. जायला दोन तास, मशीनवर चार तास, परत यायला दोन तास. एका फेरीला आठ तास. आठवड्याला तीन फेऱ्या म्हणजे चोवीस तास, पूर्ण एक दिवस-रात्र. रुग्णाला एकट्याने येववत नाही, कारण डायलिसिसनंतर अनेकांचा रक्तदाब उतरतो, पायात गोळे येतात, गरगरते. म्हणजे सोबत एक माणूस आलाच. रुग्णाला तसेही काम झेपत नाही असे धरले, तरी सोबतच्या माणसाचे वर्षाला १५६ दिवस जातात. दिवसाची मजुरी तीनशे धरली तर ४६ हजार ८०० रुपये बुडाले. आणि रोवणीच्या दिवसांत माणूस शेतावर नसला तर नुकसान मजुरीपेक्षा मोठे असते. धानाचे पऱ्हे कोणासाठी थांबत नाहीत. हा पैसा कोणत्याही कार्डात धरलेला नाही.

मग घरात काय होते? तीनऐवजी दोन डायलिसिस होतात. हळूहळू दोनाऐवजी "बरं वाटते तोवर राहू द्या" होते. मग एका रात्री धाप लागते, फुप्फुसात पाणी भरते आणि गाडी भाड्याने करून नागपूर गाठावे लागते. त्या एका रात्रीत महिनाभराचा वाचवलेला खर्च जातो. आठवड्याला किती वेळा डायलिसिस हवे हे लघवी किती होते, वजन किती वाढते आणि रक्ताचे अहवाल काय सांगतात यावर डॉक्टर ठरवतात. काहींना सुरुवातीला दोन पुरतात. पण ते बसभाड्यावर ठरवू नका. प्रवास जमत नसेल तर फेरी चुकवण्याआधी डॉक्टरांना तसे सांगा.

प्रवासाला मदत आहे. ती मागावी लागते, आपण होऊन कोणी देत नाही. डायलिसिसच्या रुग्णांना एसटीच्या साध्या बसमध्ये शंभर टक्के सवलत आहे. डायलिसिस सुरू असल्याचे प्रमाणपत्र तुमच्या रुग्णालयातून घ्या आणि कोणत्या नमुन्यात हवे ते आधी आगारात विचारा, म्हणजे दोनदा चक्कर पडणार नाही. सोबत स्त्री असेल तर तिला अर्धे तिकीट आहेच. रेल्वेत डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि त्याच्या एका सोबत्याला सेकंड आणि स्लीपर वर्गात ७५ टक्के सवलत मिळते. प्रमाणपत्र रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात लागते आणि तिकीट खिडकीवरून काढावे लागते. तुमसर रोड किंवा वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून नागपूरला जाणाऱ्यांना ही सोय फार उपयोगाची आहे.

तुमच्या तालुक्याजवळच्या उपजिल्हा रुग्णालयात डायलिसिसची सोय आहे का, आणि असली तर जागा रिकामी आहे का, हेही दर काही महिन्यांनी विचारत राहा. केंद्रात जागा मिळणे म्हणजे पाळी मिळणे. एक मशीन दिवसाला तीन-चार पाळ्यांपलीकडे चालत नाही. कार्डावर पाच लाख असले आणि पाळी रिकामी नसली, तर कार्डाचा उपयोग काय? सरकारने मर्यादा तिपटीहून जास्त वाढवली हे चांगलेच केले. पण लाखांदूर-पवनीच्या रुग्णाची अडचण रकमेपेक्षा अंतराची आणि पाळीची आहे, असे मला वाटते. पुढचा पैसा तालुक्यातल्या यंत्रांवर, पाण्याच्या प्लँटवर आणि तंत्रज्ञांच्या पगारावर जायला हवा.

हा पेच आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत १९७१ मध्ये शेप ग्लेझर नावाच्या रुग्णाने संसदीय समितीपुढे स्वतःला मशीन लावून डायलिसिस घेऊन दाखवले. पुढच्याच वर्षी, ३० ऑक्टोबर १९७२ रोजी कायदा झाला आणि जुलै १९७३ पासून किडनी निकामी झालेल्यांना, वय काहीही असले तरी, सरकारी विमा मिळू लागला. थायलंडची गोष्ट आपल्याला जास्त जवळची आहे. तोही भातशेतीचा देश, खेडी लांब लांब. त्यांच्या २००२ च्या सर्वांसाठीच्या आरोग्य योजनेतून डायलिसिस महाग म्हणून वगळले होते. २००८ मध्ये ते घेतले, पण पोटाचे डायलिसिस आधी, या अटीवर. द्रवाच्या पिशव्या थेट रुग्णाच्या घरी पोचवल्या जात.

पोटाचे डायलिसिस म्हणजे पोटात बसवलेल्या मऊ नळीतून द्रव सोडायचा, काही तास ठेवायचा आणि काढून टाकायचा. दिवसातून साधारण तीन-चार वेळा, घरीच. मशीन नको, आठवड्याच्या तीन फेऱ्या नकोत. स्वच्छ खोली, धुतलेले हात आणि शिकलेले माणूस मात्र हवे, नाहीतर पोटात जंतुसंसर्ग होतो. आपल्याकडेही राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात याच्या मार्गदर्शक सूचना २०१९ मध्ये आल्या, पण गावात अजून फारसे कोणी ते घेताना दिसत नाही. दूरच्या गावातल्या ज्या घरात हे जमण्यासारखे आहे, त्यांनी नागपूरच्या किडनीविकारतज्ज्ञांना स्पष्ट विचारावे: आमच्यासाठी पोटाचे डायलिसिस चालेल का, आणि योजनेत बसेल का?

कार्ड वापरण्याची योग्य वेळ

बहुतेक कुटुंबांचा पहिला मोठा खर्च डायलिसिस सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात होतो. क्रिएटिनिन महिनोन्महिने वाढलेले असते, अंगावर सूज असते, कोणीतरी जडीबुटी देत असते. मग एकाएकी धाप, उलट्या, खासगी रुग्णालय, अतिदक्षता विभाग आणि मानेत तात्पुरती नळी. त्या धावपळीत रुग्णालय योजनेत आहे का हे कोण विचारणार?

हे टाळता येते. किडनीच्या कामाचा अंदाज देणारा ईजीएफआर नावाचा आकडा रक्ताच्या अहवालात बघा. तो ३० च्या खाली गेला की किडनीविकारतज्ज्ञांना दाखवा आणि तयारी सुरू करा. १५ च्या खाली गेला म्हणजे आजार शेवटच्या टप्प्यात आहे. डायलिसिस कधी सुरू करायचे हे त्या आकड्याबरोबर लक्षणांवरही ठरते.

तयारीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे फिस्टुला. हातातली रोहिणी आणि नीला जोडून डायलिसिससाठी कायमची वाट करतात. ही छोटी शस्त्रक्रिया योजनेत होते. पण केल्यावर ती वापरायला साधारण दीड ते तीन महिने थांबावे लागते. म्हणजे डायलिसिस लागायच्या आधी काही महिने ती झालेली हवी. मानेतल्या नळीपेक्षा फिस्टुलात जंतुसंसर्ग खूप कमी होतो आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. ज्या हाताने तुम्ही काम करत नाही, त्या हातावर आतापासून सलाईन लावू देऊ नका, रक्त काढू देऊ नका. परिचारिकेला सांगायला संकोच कशाला? "सिस्टर, हा हात डायलिसिससाठी राखून ठेवलाय" एवढे म्हटले की पुरते. त्याच काळात हेपटायटिस बी ची लस घ्या. किडनीच्या रुग्णांना ती दुप्पट मात्रेत आणि सहा महिन्यांत चार वेळा द्यावी लागते.

कागदपत्रेही तेव्हाच जुळवा. शिधापत्रिका किंवा अधिवासाचा दाखला, आधार आणि आयुष्मान कार्ड. शिधापत्रिकेत रुग्णाचे नाव आहे ना, आधारवरचे आणि त्यावरचे नाव जुळते ना, हे बघा. माहेरचे नाव एकीकडे आणि सासरचे दुसरीकडे, यात बायकांची फाइल हमखास अडकते. तहसील कार्यालयातली ही दुरुस्ती धाप लागल्यावर होत नसते. तरीही तातडीची वेळ आलीच तर फोनवर मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची आणि कागदपत्रे नंतर देण्याची सोय योजनेत आहे. त्यासाठी जोडलेल्याच रुग्णालयात जायला हवे, हे मात्र लक्षात ठेवा.

योजनेत बाह्यरुग्ण विभागाचा खर्च धरलेला नसतो. डायलिसिस सुरू होण्याआधीच्या तपासण्या, गोळ्या, डॉक्टरांची फी हे सगळे कार्डाबाहेर. म्हणून क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने, सोनोग्राफी यांसाठी आधी ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात जा. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात, त्या नियमित घ्या. किडनी बिघडण्याची सर्वांत मोठी कारणे हीच दोन आहेत. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे आणि त्यानेही किडनीला इजा होते. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर वर्षातून एकदा त्याची लघवी तपासून घ्या. आणि कंबरदुखीवर दुकानातून आणलेल्या गोळ्या रोज खाणे बंद करा. रोवणीच्या दिवसांत किती पानेच्या पाने संपतात, हे तुम्हालाही माहीत आहे.

पॅकेजमध्ये काय येते?

योजनेत भरती झाल्यावर खाट, शुश्रूषा, औषधे, तपासण्या, जेवण आणि परत जाण्याचे एका वेळचे एसटी किंवा रेल्वेचे भाडे पॅकेजमध्ये येते. नळी, फिल्टर, सुया बाहेरून आणा असे कोणी सांगितले तर आधी आरोग्यमित्राला विचारा, नंतर दुकानात जा. डायलिसिसच्या रुग्णाला रक्त वाढवण्याचे इंजेक्शन वारंवार लागते आणि ते महाग असते. ते केंद्राकडून मिळणार की विकत आणायचे, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा. रोजच्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्रात आधी चौकशी करा.

तुमच्या किंवा मुलाच्या पगारातून ईएसआयसी कापली जात असेल तर डायलिसिस तिथून करून घेणे जास्त सोयीचे. तिथे उपचाराच्या खर्चाला पाच लाखांसारखी मर्यादा नाही. कारखान्यात कामाला असलेल्या मुलाचे आईवडील त्याच्यावर अवलंबून असतील तर त्यांनाही हा लाभ मिळू शकतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

प्रत्यारोपण: साडेचार लाखांनंतर

तब्येत साथ देत असेल तर डायलिसिसपेक्षा प्रत्यारोपण केव्हाही चांगले. माणूस पुन्हा कामाला लागतो, आठवड्याच्या फेऱ्या थांबतात. भंडारा जिल्ह्यात ते होत नाही, नागपूरला जावे लागते. तिथल्या सरकारी सुपर स्पेशालिटी रुग्णालयात २०१६ पासून किडनी प्रत्यारोपण होत आहे आणि नागपूरच्या एम्समध्येही होते.

आई, वडील, भाऊ, बहीण, पती, पत्नी, मुले, आजी-आजोबा आणि नातवंडे यांना कायद्याने जवळचे नातेवाईक मानले आहे. त्यांच्यापलीकडच्या दात्यासाठी प्राधिकार समितीची मंजुरी लागते. घरातला दाता जुळत नसेल तर दुसऱ्या अशाच कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल करायलाही कायदा परवानगी देतो. मेंदूमृत दात्याकडून किडनी हवी असेल तर रुग्णालयामार्फत नागपूरच्या विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत नाव नोंदवावे लागते. डायलिसिस सुरू झाल्यावर लगेच नोंदवा. यादीत उशिरा नाव घालून नंतर हळहळण्यात अर्थ नाही. आणि एक गोष्ट मोकळेपणाने बोलतो: किडनी द्यायची वेळ आली की आई किंवा बायको पुढे होते आणि घरातले पुरुष मागे सरकतात. दाता कोण, हे तपासणीने ठरावे, घरातल्या मानाने नव्हे.

साडेचार लाखांची मर्यादा आधीच्या जवळजवळ दुप्पट आहे, पण शस्त्रक्रियेनंतरचा हिशेब वेगळा आहे. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून औषधे जन्मभर घ्यावी लागतात आणि पॅकेज जन्मभराचे नसते. शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या: दात्याच्या तपासण्यांचा खर्च कोणाकडे, शस्त्रक्रियेनंतर किती महिन्यांची औषधे योजनेतून, आणि त्यानंतर दरमहा साधारण किती लागतील. तिसऱ्या आकड्याची सोय झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. पैसे नाहीत म्हणून औषध बंद करून किडनी गमावलेल्या माणसाला पुन्हा डायलिसिसवर यावे लागते, आणि घरातल्या माणसाने दिलेली किडनीही जाते. मर्यादेवरच्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या वैद्यकीय कक्षाकडे अर्ज करता येतो. तिथल्या आजारांच्या यादीत डायलिसिस आणि किडनी प्रत्यारोपण दोन्ही आहेत.

नाही म्हटले तर

मोफत असताना पैसे मागितले, पाळी नाकारली किंवा "कार्ड चालत नाही" असे तोंडी सांगितले, तर भांडत बसू नका. नकार कागदावर मागा. पैसे द्यावेच लागले तर पावती घ्या. पहिल्यांदा आरोग्यमित्र, मग योजनेचे जिल्हा समन्वयक. हेल्पलाइन १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकांवर फोन करून तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. त्यानेही झाले नाही तर जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. हे सगळे चालू असताना डायलिसिसची ठरलेली फेरी मात्र चुकवू नका. त्या दिवसापुरते जिल्हा रुग्णालयात जावे लागले तरी चालेल.